पेंढ्याची गादी

शरू,

काल तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर हसता हसता खुर्चीवरून खाली आली असतीस. मला हसू आलं नाही. सभागृहाच्या दारातच तुझा फ्लेक्स टांगला होता. एका कोपऱ्यात तुझा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात तू चोरी करताना सापडल्यासारखी दिसतेस, आणि शेजारी फ्लेक्सच्या पूर्ण उंचीचा एक गोरा दाढीवाला पुरुष भाला फेकतोय. बांबू उडीत लांब काठी असते, भालाही लांबच असतो, एवढ्यावर कुणीतरी भागवलं होतं. वर सोनेरी अक्षरांत 'गगनभरारी विसावली'. क्रीडा मंडळाच्या एकाही माणसाला त्यात काही खटकलं नाही. सगळे त्या दाढीवाल्याखाली चपला काढून आत जात होते.

आत उदबत्ती आणि बटाटेवडा यांचा मिळून एक वास सुटला होता. शोकसभेला वडे कशाला, असं तू विचारलंच असतंस. तर सभेनंतर त्याच हॉलमध्ये मंडळाची बैठक होती आणि वडे बैठकीचे होते. हॉलचं भाडं एकदाच द्यायचं तर दोन्ही कामं उरकून घेऊ, असा सरळ हिशेब. तुझ्या फोटोला हार घालणाऱ्यांचं लक्ष मागच्या टेबलाकडे होतं.

मग भाषणं. तुझी एकही उडी न बघितलेली माणसं तुझ्या उड्यांवर बोलली. एक जण म्हणाले, शर्वरीने अशी उंच उडी घेतली की ती परत जमिनीवर आलीच नाही. त्यावर टाळ्या पडल्या. मला उठून सांगावंसं वाटलं, अहो, ती प्रत्येक वेळी परत आली. दहा वर्षं परत येत होती. कशावर येत होती ते विचारा.

नंतर कार्यवाह उठले. आपले तेच, पांढऱ्या सफारीतले, आंब्याच्या बागावाले. 'शर्वरी ही मंडळाची लेक होती,' म्हणाले. पुढच्या रांगेत तुझे तात्या बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांच्यासमोर तुला मंडळाची लेक करून टाकली. मग घोषणा. तुझा पोल मंडळाच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवणार. कपाट आधीच करून घेतलंय, आणि पोल त्यात बसत नाही, तेव्हा 'तात्यासाहेबांची हरकत नसेल तर तेवढा खालून थोडा कापून घेऊ'. तात्या म्हणाले, 'बघू.' आणि दुसरी घोषणा म्हणजे तुझ्या नावाने दिवाळीनंतर शाळकरी मुलांची स्पर्धा. 'ज्या गादीवर आमची शर्वरी घडली, तीच गादी आम्ही जपून ठेवली आहे. त्याच गादीवर उद्याचे खेळाडू घडतील.'

त्याच गादीवर. ऐकलंस ना, शरू?

आपण दोघी त्या गादीवर पडायला कॉलेजात शिकलो. तेव्हा ती निळी होती आणि तिच्यावर पडलं की आत जाऊन परत वर यायला होत असे. मी पडायलाच जास्त शिकले, उडायला तू. मी पळत जाऊन पोल खड्ड्यात टेकवायचे आणि पोल मला प्रेमाने मागे ढकलून द्यायचा. तू टेकवलास की तो वाकायचा, आणि मग तुला वर फेकायचा, आणि वर गेल्यावर तू एक क्षण उलटी, पाय आभाळात, आणि आपले सर खालून ओरडायचे, 'दांडी बघू नको, दांडी बघू नको.' बाकी सगळं विसरेन, पण दांडीवरून गेल्यावर तू हात सोडून पाठीवर पडताना जे काही ओरडायचीस ते विसरणार नाही. शब्द नव्हता तो. कोंबडी हाकलताना काढतात तसा आवाज होता.

कॉलेज होतं तोवर सगळं होतं. सर होते, प्रवासभत्ता होता, विद्यापीठाच्या स्पर्धेला जायला गाडी होती, हरलो तरी उसळ-पाव होता. कॉलेज सुटलं आणि एका उन्हाळ्यात सगळं सुटलं. धावणाऱ्याला रस्ता पुरतो. लांब उडीवाल्याला वाळू. आपल्या खेळाला काठी लागते, खड्डा लागतो, दोन खांब, आडवी दांडी आणि गादी, आणि यातलं एकही आपल्या घरात मावत नाही. मी सोडलं. लग्न करून नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसले, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. पतसंस्थेत नोकरी धरूनही सोडायला तयार नव्हतीस ती तू.

एसटीत पोल घेऊन चढायला निघालीस तेव्हाचा तो कंडक्टर आठवतो? राजापूरची गाडी होती. त्याने पोलाकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाला, 'बाय, बूड रत्नागिरीत हाय आणि शेंडा हातखंब्याला पोचलाय. तिकीट कुठनं काढू?' सगळी गाडी हसली. तूही हसलीस. आणि मग गाडी तुला तिथेच ठेवून गेली. रेल्वेत तर त्याहून वाईट. खिडकीच्या गजांना बाहेरून बांधलेला तुझा पोल चिपळूणला सोडायला लावला त्यांनी, आणि तू पोलासकट उतरलीस आणि स्पर्धा तुझ्याशिवाय झाली. कॉलेजच्या पोरींची म्हणून जी गोष्ट सगळे पोटात घालत होते, ती आता एका एकट्या बाईची आगाऊगिरी झाली होती.

मग तुला आंब्याचे ट्रक सापडले. हंगामात इथून वाशीला रोज ट्रक जातात, तात्यांच्या ओळखीने एक ड्रायव्हर तयार झाला. पेट्यांच्या थप्पीवर पोल आडवा बांधायचा आणि तू पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. घाट, खड्डे, हॉर्न, आणि सकाळी मैदानावर पोचायचीस ती न झोपता, अंगाला पिकत्या हापूसचा वास येत. बाकीच्या पोरी रेल्वे, पोलीस अशा कुठल्या कुठल्या खात्यांतल्या, स्वतःचे ट्रेनर घेऊन आलेल्या. त्यांच्याकडे पोलांची पिशवी, गरजेप्रमाणे मऊ, कडक. तुझ्याकडे एक. तू सांगायचीस, 'अगो मेधा, माझा पोल बाहेर काढला की सगळ्या विचारतात, आंबे आणलेस काय?'

त्या एका पोलापायी तू जेवण सोडलंस. पोल कुणाच्या वजनासाठी केलेला आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं, त्याहून वजनदार माणसाने तो वापरायचा नसतो. कॉलेजात तू बांबूच्या कोंबाइतकी होतीस. तिशीला आल्यावर वजन चढतं, सगळ्यांचं चढतं, माझ्याकडे बघ. नवा कडक पोल परदेशातून येणार, तो कोण आणून देणार? म्हणून तू पोलाच्या मापात राहिलीस. पतसंस्था सुटली की आमच्या दुकानात येऊन खिळे मोजायच्या काट्यावर उभी राहायचीस. गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि ही बया काट्यावर. मी म्हणायचे, 'सुरमई खाल्लीस ना काल, दिसतंय.' तू म्हणायचीस, 'एक तुकडी. कोलीम तर चाखलंसुद्धा नाय.' तुझ्या आईने केलेली फणसाची सांदणं तू कशी वास घेऊन परत ठेवायचीस, ते बघून मला राग यायचा. अजून येतो. तेव्हा म्हटलं होतं, आता परत म्हणते, त्या मंडळातल्या ढेरपोट्यांसाठी तू जेवली नाहीस.

'त्यांच्यासाठी नाय गो,' तू म्हणायचीस.

'मग कुणासाठी?'

यावर तू काट्यावरून उतरून चप्पल घालायचीस. दर वेळी. हे एक उत्तर तू मला देणं लागतेस.

आणि गादी. गादीवरून आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या नवऱ्याशीही मी भांडले नसेन. कॉलेजने ती जुनी झाली म्हणून मंडळाला दिली, मंडळाने मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत टाकली, आणि तुझ्याशिवाय तिच्याकडे कुणी बघितलं नाही. निळा रंग गेला. शिवण उसवली. आतला फोम चिंध्या होऊन बाहेर यायला लागला, आणि इथल्या दमट हवेत त्याचं पीठ झालं. मधोमध असा खळगा पडला की तू एकदा थेट जमिनीवर आपटलीस आणि आठवडाभर पतसंस्थेत वाकडी बसलीस. तू कार्यवाहांकडे गेलीस. ते म्हणाले, 'आहे ना गादी?' पुढच्या वर्षी गेलीस. 'आहे ना?' त्यांच्या घरी जाऊन सांगितलंस, त्यांनी तुला पन्हं दिलं आणि म्हणाले, 'एक असताना दुसरी मागितली तर वर काय तोंड दाखवू?'

मी तुला तेव्हाच म्हटलं, ती फेकून दे. जाळ. ती आहे तोवर ते दुसरी आणणार नाहीत. तू ती शिवत बसशील आणि ते तुझ्या शिवणीवर वर्षं काढतील.

तू म्हणालीस, 'आणि नवी येईस्तोवर मी काय भुईवर पडू? एक वर्ष गेलं तर माझं परत येत नाय मेधा. तुझ्या दुकानातला पाइप नाय हा, पुढल्या वर्षी विकायला.'

दोन्ही बाजू खऱ्या असलेलं भांडण मिटत नाही, ते नुसतं रोज दुकानात येऊन काट्यावर उभं राहतं.

मग तात्यांनी उपाय काढला. जन्म बोटीवर गेलेला माणूस, शिडाचं कापड शिवलेलं, कुठल्याही फाटक्या गोष्टीला हार जाणार नाही. देवरूखकडे तुझ्या आत्याच्या घरून ते भाताचा पेंढा घेऊन आले, टेम्पो भरून. तुम्ही दोघांनी गादी उसवली, कुजका फोम काढला आणि आत पेंढा भरला, आंब्याच्या पेटीत भरतात तसा, थर देऊन. तात्या स्वतःवर इतके खूश होते. मला म्हणाले, 'हापूस वाशीपर्यंत जातो ह्याच्यात, डाग पडत नाय. हिला काय व्हणार?' आणि दाभण घेऊन मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याने त्यांनी अशी शिवण घातली की बघत राहावं. तू त्यावर पहिली उडी मारून पडलीस, वर धूळ उडाली, आणि आतून तुझा आवाज आला, 'तात्यानू, झाकण लावा आता. पेटी भरली.'

हसलो आपण. मीसुद्धा हसले. रत्नागिरीतच सुचावं असं ते होतं. पुण्याकडे कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

कार्यवाह आले, गादीवर हात दाबून बघितला, आणि त्यांचा चेहरा खुलला. आता तर काहीच मागायला नको. तात्यांना मध्ये उभं करून फोटो काढला आणि 'कोकणी कल्पकता' म्हणून सगळ्या ग्रुपवर पाठवला. मला तो फोटो आजही बघवत नाही. एक म्हातारा बाप मुलीच्या पाठीला लागू नये म्हणून पेंढा भरतोय, आणि ज्याचं ते काम तो त्याच्या खांद्यावर हात टाकून हसतोय.

पेंढ्यात दाणे राहतात, शरू. झोडताना सगळे कुठे पडतात. पावसाळा लागला, खोली बंद, आणि दाण्यांच्या मागे उंदीर आले. श्रावणात जरा ऊन पडलं की तू गादीला ऊन दाखवायला जायचीस, दिवाळीनंतरच्या खुल्या स्पर्धेची तयारी म्हणून. तिथून एक दिवस थेट दुकानात आलीस आणि पिंजरा मागितलास. मी विचारलं, घरात झालेत? तू म्हणालीस, 'गादीत. पिल्लं घातलीत. सगळा पेंढा ओला झालाय आणि वास तर विचारू नको.' हातावर दाभणाचे ओरखडे होते. मी रबरी हातमोजे काढून दिले, ते निळे, लांब. तू घालून बघितलेस, म्हणालीस ह्याच्यात दाभण धरता येत नाय, आणि काउंटरवर ठेवून गेलीस. पिंजरा नेलास. मोजे नेले नाहीस. ते अजून माझ्या गल्ल्याखालच्या खणात आहेत. मला ते विकवत नाहीत आणि बघवतही नाहीत. एवढं जिद्दी कशाला असावं माणसाने? मला तुझासुद्धा राग आहे, हे आज सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, ते काल हॉलमध्ये भरपूर झालं.

पुढचं तू जाणतेस. ताप आला, भिजलीस म्हणून आला असेल असं सगळ्यांनी धरलं. पोटऱ्या दुखतायत म्हणालीस, तर त्या तुझ्या कायमच दुखायच्या. डोळे लाल झाले तेव्हा दवाखान्यात नेलं. लेप्टो. डॉक्टरांनी तात्यांना विचारलं, भाताच्या शेतात उतरली होती काय, भाताशी काही संबंध? तात्या म्हणाले, आम्ही शेती करत नाय, मी बोटीवरचा माणूस. हे त्यांनी मला तेराव्याला सांगितलं, असं आश्चर्य करत की शेतात पाय न ठेवलेल्या पोरीला शेतकऱ्यांचा ताप कसा झाला. मी त्यांच्यासमोर पानावर बसले होते. मला तू मागितलेला पिंजरा आठवला.

मी नंतर त्या डॉक्टरांकडे जाऊन विचारून आले. ते म्हणाले, तिथूनच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, पण उंदरांचं मूत, ओला पेंढा आणि हाताला जखमा, यापेक्षा वेगळं काय हवं. पेंढ्याचं आधी कळलं असतं तरी औषध तेच दिलं असतं, तिला आणायलाच उशीर झाला होता. हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरं म्हणून, ते मला ठाऊक नाही.

म्हणून काल मी ठरवून गेले होते. माइक हातात आला की सांगायचं. तुमची लेक तुमच्या गादीने खाल्ली. दहा वर्षं तिने एक गादी मागितली, तुम्ही पन्हं पाजलंत. आता त्याच घाणीवर लोकांची पोरं टाकणार आहात. शेवटचं वाक्य घोषणा ऐकून जोडलं, बाकीची पाठ केली होती. कार्यवाहांनी पुकारलं, 'शर्वरीताईंच्या मैत्रीण, हार्डवेअरवाल्या मेधाताई दोन शब्द बोलतील.' मी उठले. माइकला आधीच्या वक्त्याच्या तोंडचा तंबाखूचा वास येत होता.

आणि समोर तात्या. हात गुडघ्यांवर. ते हात मी बघितले. त्या हातांनी थर दिले होते पेंढ्याचे, डाग पडू नये म्हणून. गादीचं नाव घेतलं असतं तर कार्यवाहांनी फार तर पाणी प्यायलं असतं, 'चौकशी करू' म्हटलं असतं आणि वडे खाल्ले असते. खरं ते वाक्य तात्यांना जाऊन लागलं असतं. घरी जाऊन त्यांनी हिशेब जुळवला असता, भाताशी संबंध आला तो कुणी आणला म्हणून.

मी म्हणाले, 'शर्वरी चांगली मैत्रीण होती.' आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. बाहेर येऊन त्या भालाफेक्याच्या पायाशी मी ओकले, हे तुला खास सांगते. वडा खाल्ला नव्हता तरी.

पण स्पर्धा राहिलीच होती. मी रात्रभर एकच विचार केला, की कुणाला काही न सांगता ती गादी तिथून नाहीशी करायची. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी आमचा टेम्पो घेऊन मैदानावर गेले. बरोबर कोयता, रॉकेलचा डबा, आणि का कोण जाणे, खणातले मोजेही घेतले. पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून कुणीतरी ओढत होतं.

तात्या होते. एकटे. गादी अर्धी बाहेर आली होती. त्यांनी स्वतःची शिवण स्वतःच्या सुरीने उसवली होती आणि पेंढा मुठीमुठीने काढून बाहेर जांभ्यावर टाकत होते. काळा पडलेला, चिकट, जागोजागी उंदरांची घरटी. वास असा की मी नाकाला पदर लावला. त्यांनी मला बघितलं, थांबले नाहीत.

'आलीस काय गो,' म्हणाले.

'तात्या, तुम्ही कशाला?'

'दाक्तरने विचारलान, भाताशी संबंध आला काय. मी नाय म्हटलं.' एक मूठ टाकली. 'काल तो बोलला ना, तीच गादी म्हणून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बसल्या जागी.'

म्हणजे मी माइक धरून गप्प बसले, तेव्हा समोर बसून तेही गप्पच होते. ज्यांना जपायला मी गिळलं त्यांनी त्याच खुर्चीत ते गिळलं होतं. तुमची चूक नाही तात्या, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते त्यांना ऐकायचं नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. मी मोजे पुढे केले. 'हे घाला आधी. हाताला ओरखडे आहेत तुमच्या.'

त्यांनी मोजे हातात घेऊन उलटसुलट बघितले. 'तिला दिलं व्हतंस ते हेच काय?' तू घरी सांगितलं होतंस म्हणजे. मी मान हलवली. त्यांनी ते घातले, हळूहळू, एकेक बोट, आणि परत कामाला लागले. मी कोयत्याने कापड फाडलं. पेंढा ओला होता, पेटेना. मी टेम्पोतून रॉकेलचा डबा आणला आणि मैदानाच्या कडेला ढीग धुमसायला लागला. धूर सरळ मंडळाच्या कार्यालयाच्या दिशेने गेला. त्यावर मी काही केलं नाही.

कार्यवाह स्कूटरवरून आले. सफारी नव्हती, लेंगा होता. 'अहो तात्यासाहेब, हे काय? स्पर्धा आहे हो. एवढी चांगली गादी. आता मुलं पडणार कशावर?'

तात्या मोजे न काढता त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मोज्यांना तो काळा चिखल लागला होता. कार्यवाह एक पाऊल मागे सरले.

'आता जुनी नाय,' तात्या म्हणाले. 'आता नवीन आणा.'

'पण वर काय सांगू मी?'

'सांगा, जुनी बापाने जाळली.' आणि परत ढिगाकडे वळता वळता, 'काठी कापायला देणार नाय.'

कार्यवाह धुराने खोकले आणि स्कूटर वळवून गेले. नवीन गादी येईल की नाही मला माहीत नाही. यायला लागेल, कारण आता 'आहे ना' म्हणायला त्यांच्याकडे काही नाही. मी तुला दुकानात हेच सांगत होते. ती आहे तोवर दुसरी येणार नाही, जाळ ती. तू काट्यावर उभी होतीस आणि माझ्यावर ओरडत होतीस.

भांडण मी जिंकले, शरू. दुकानात आता काटा रिकामा आहे, आणि गिऱ्हाइकाने खिळे मागितले की मला आधी दोन क्षण थांबावं लागतं. तू उतरलीस असं अजून वाटत नाही. उतरताना ते एक उत्तर देऊन जा गो. नाहीतर चप्पल घालून जा, तेही चालेल.